खालची बिजागरी आधी

३ जुलै, बुध.
यादीचं काम शेवटी माझ्या गळ्यात. पेण आणि रोहा, दोन्ही तालुक्यांतल्या आपल्या बांधकाम खात्याच्या नको झालेल्या इमारती. प्रत्येक ठिकाणी जायचं, फोटो काढायचे, तक्ता भरायचा. कुठली पाडायची, कुठली दुसऱ्या खात्याच्या गळ्यात मारायची, कुठली ठेवायची. मीटिंगमध्ये एकाची पाठ दुखायला लागली, दुसऱ्याच्या मुलीची अ‍ॅडमिशन निघाली. मी मुकाट हो म्हटलं. साहेब खूश. म्हणाले, सगळे अभियंते तुमच्यासारखे हवेत.
त्यांना कुठे ठाऊक. यादी आधीच वाचून गेले होते. पेण, क्र. ४, जुनं ओव्हरसियर क्वार्टर. निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली तरी टिपणीस तिथेच राहतो. "तात्पुरता."
आख्खं नाव लिहायला नको वाटतं. यापुढे टि.
आईला काही बोलले नाही.

४ जुलै, गुरु.
तक्ता वाचून काढला. सातवा रकाना, 'सध्याचा वापर'. तिथे 'विनावापर' लिहिलं की इमारत मोकळी. मग नोटीस नाही, सुनावणी नाही. नोटीस द्यायची कुणाला? कागदावर आत माणूसच नसतो.
हे मला कॉलेजात शिकवलं नाही, अकराव्या वर्षीच कळलं. बाबा रोह्याच्या विश्रामगृहाचे चौकीदार. आवारात मागे दोन खोल्या आमच्या. बाबा चैत्रात गेले. श्रावणात टि.ने, तेव्हा तो इथला उपअभियंता, आमच्या खोल्यांपुढे 'विनावापर' लिहिलं. आत आई, मी, धाकटा भाऊ आणि चुलीवर भात. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी चार माणसं आली आणि दारं काढून घेऊन गेली. घर रिकामं करायची ही खात्यातली जुनी रीत. माणसाला हात लावायचा नाही, दाराला लावायचा. पावसाळ्यात बिनदाराच्या घरात कोण किती दिवस काढणार?
आईने चार दिवस काढले. चौकटीला साडी बांधून. वारा आला की ती उडायची, मग मी धरून उभी राहायचे.
टि. जीपमध्ये बसला होता. फक्त एकदा डोकं बाहेर काढून माणसांवर ओरडला, "खालची बिजागरी आधी! खालची!"
बत्तीस वर्षं झाली. अजून कानात आहे.

८ जुलै, सोम.
रोह्याच्या इमारती. बरोबर लतीफ मिस्त्री. तीस-बत्तीस वर्षांची नोकरी झालेला माणूस, कुठल्या इमारतीची कुठली तुळई कुजली आहे ते न बघता सांगतो. जुना कोंडवाडा: पाडा. रस्त्याकडचं गोडाऊन: दुरुस्त होईल. नदीकडचं विश्रामगृह अजून चालू आहे, त्यामुळे यादीत नाही. तरी मागे जाऊन आले.
आमच्या खोल्यांचं नुसतं जोतं उरलंय. वर टाकळा माजलाय कमरेएवढा. ज्या जागेची सरकारला एवढी घाई होती, तिथे बत्तीस वर्षांत एक वीट लागलेली नाही. निदान काहीतरी बांधायचं होतं रे. संडास तरी.
लतीफ मिस्त्री जोत्यापर्यंत आले नाहीत. म्हणे, पायात मोडलंय काहीतरी.

११ जुलै, गुरु.
पेण. वडखळला दीड तास अडकलो. जुनं धान्य गोदाम, कागदावर दहा वर्षं विनावापर. कुलूप उघडायला गेले तर कुलूपच नाही. आत मातीचे गणपती, भिंतीपासून भिंतीपर्यंत, डोळे काढायचे बाकी. शेजारच्या कारखानदाराने बिनदिक्कत संसार मांडलाय. मी म्हटलं, ही सरकारी इमारत आहे, वापरात नाही असं लिहिलंय. तर म्हणतो कसा, "वापरात नाय कशी मॅडम? एवढे देव बसलेत. त्यांनाच विचारा."
हसू आलं. लिहिलं: वापरात, विनापरवाना, चतुर्थीपर्यंत मुदत द्यावी.
मी कुणावर अन्याय करत नाहीये. अठरा इमारती बघून झाल्या, अठरा ओळी अगदी खऱ्या. खोटेपणा जपून ठेवलाय. एकाच ओळीसाठी.
येताना क्र. ४ रस्त्यावरून बघितलं. कौलं बरी आहेत. रंगाच्या डब्यात तुळस. वळचणीला दोरीवर धोतर वाळत घातलेलं. म्हणजे म्हातारा आत आहे.

१६ जुलै, मंगळ.
ठरलं. 'विनावापर' लिहायचं, आणि आधी दारं काढायची. त्याच्याच रीतीने. दिवससुद्धा तोच, नागपंचमीनंतरचा. कॅलेंडर बघितलं, शनिवार आहे, सुट्टी. चालेल. असल्या कामाला सुट्टीच बरी.
घोडामैदान जवळच आहे.

१९ जुलै, शुक्र.
लतीफ मिस्त्रींना जीपमध्ये सांगितलं, दहा ऑगस्टला पेचकस आणि पहार घेऊन पेणला यायचं, क्र. ४ ची दारं काढायची.
 मग म्हणाले, "मॅडम, एक सांगायचं व्हतं. सांगू का नको, बरीच वर्षं झाली. विश्रामगृहामागल्या तुमच्या खोल्यांचं दार मीच काढलेलं. पेचकस माझ्या हातात व्हता."
मी मांडीवरची फाइल मिटली. 
"नोकरीला तिसरा महिना व्हता. तुमी साडी धरून उभ्या व्हत्या. इथं जॉइन झालात त्याच दिवशी वळखलं तुमाला."
म्हणजे चार वर्षं हा माणूस मला रोज सलाम ठोकतोय आणि चार वर्षं याला ठाऊक आहे. जीप थांबवून खाली उतरावंसं वाटलं. उतरले नाही, चिखल होता.
मग दुसरी गोष्ट सांगितली. "पुढलं दार मोडलं. मागलं चांगलं व्हतं, साग. सायबानं पेणला न्यायला लावलं. आपल्या क्वार्टरला बसवलं, परसात उघडतं ना, तिथं. मीच बसवलं. अजून हाय."
आमचं दार. त्याच्या घरात.
त्या दारावर आमच्या उंचीच्या रेघा होत्या. दर जूनला, शाळा उघडायच्या दिवशी, बाबा पाठ टेकवून उभं करायचे आणि डोक्यावर खिळ्याने रेघ ओढायचे. 'सु' मी. 'रा' राजा, माझा भाऊ.

२३ जुलै, मंगळ.
क्र. ४. पाहणी.
दार उघडलं त्याच्या मुलीने. शैला. माझ्याच वयाची, नवरा गेलेला, बापाला सांभाळते. अंगात कंपनीचा युनिफॉर्म, धाटावच्या पहिल्या शिफ्टवरून नुकतीच आलेली. चहा ठेवू का म्हणाली. नको म्हटलं. तिथलं पाणीसुद्धा नको.
टि. खाटेवर. ऐंशीचा. हाडं राहिलीत, आवाज आहे तोच. मला ओळखलं नाही. फाइल मागितली, चष्मा लावून तक्ता वाचला, पहिल्या रकान्यातली माझी एक चूक काढली. चूक होती.
मग विचारतो, "सातव्यात काय लिहिणार?"
"दिसेल ते."
"छे! दिसेल ते लिहायला फोटोग्राफर आहे. अभियंत्याने वर काय पाहिजे ते ओळखून लिहायचं असतं. मी आयुष्यभर तेच केलं."
सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी म्हटलं, "हो साहेब. तुमच्याकडूनच शिकले." त्याला वाटलं मी मान देतेय.
परसाकडे गेले. दार आहे. मधल्या फळीला तीच गाठ, कोयरीसारखी. खाली रेघा. माझी शेवटची रेघ आता माझ्या खांद्याशी येते. मी बोट ठेवलं आणि लगेच काढलं, शैला मागे उभी होती.
रेघा माझ्या शेवटच्या रेघेवर थांबत नाहीत. शेजारून दुसऱ्या चढत गेल्यात, पुढे 'मि'. शैला म्हणाली, "माझ्या मितालीच्या. आता पुण्याला नर्सिंगला आहे. या खालच्या आधीपासून आहेत, कुणाच्या कोण जाणे. बाबांनी या दाराला कधी रंग लावू दिला नाही. म्हणतात, सागाला रंग लावायचा नसतो."
चोरलेल्या मालाची काय ही काळजी.

२७ जुलै, शनि.
आई भरदुपारी उठून कडी बघून आली. रोज बघते. घरात आम्ही दोघीच, रोह्याच्या भर बाजारात राहतो, दिवसाढवळ्या कोण येणार? पूर्वी हसायचे मी. आज नाही हसले. त्या चार दिवसांबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. राजा खोपोलीहून आला की विषय काढतो, तर उठून भांडी घासायला घेते.
थांब आई. थोडे दिवस.

६ ऑगस्ट, मंगळ.
शैला ऑफिसात आली. धाटावहून परस्पर. बाकावर अर्धा तास बसून होती, मी मुद्दाम बसवली.
आत आली आणि उभ्यानेच म्हणाली, "त्या दिवशी दारावर बोट ठेवलंत ना, तेव्हाच शंका आली. साडी धरून उभी होती ती मुलगी तुम्हीच ना? मी जीपमध्ये होते. बाबांनी रोह्याला पेढे घ्यायला आणलं होतं."
मला जीपमधली मुलगी आठवत नाही. जीपमध्ये टि.शिवाय मी कुणाकडे बघितलंच नव्हतं.
"घरी जाऊन मी पेढे खाल्ले," म्हणाली. "तेवढंच आठवतं. आणि ती साडी. हिरवी होती."
हिरवीच होती.
मग विचारलं, "आमच्याबद्दल काय लिहिणार?"
सांगून टाकलं. विनावापर.
रडली नाही. म्हणाली, "भावाने फ्लॅट विकला. दुसरं घर नाही आम्हाला."
मी म्हटलं, "आम्हालाही नव्हतं."
एवढं एक वाक्य म्हणण्यासाठी बत्तीस वर्षं थांबले होते. म्हटलं. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, वहीत खोटं कशाला लिहू. ती गेल्यावर पाणी प्यायले आणि दुसरी फाइल घेतली.

९ ऑगस्ट, शुक्र. नागपंचमी.
आईने हळदीच्या पानातल्या पातोळ्या केल्या. आज चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही, ठोकायचं नाही. म्हणूनच टि. त्या वर्षी एक दिवस थांबला होता. सणाच्या दिवशी पेचकस चालवायचा नाही! धर्म पाळला हो. विधवेचं दार काढायचं, पण मुहूर्त बघून.
मीही पाळला. उद्या.

१० ऑगस्ट, शनि.
क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच पटणार नाही.
सकाळी टेंपो, मी, लतीफ मिस्त्री. पेणला धो धो. शैला घरीच होती. मी सांगितलं, दारं काढायला आलोय, परसदारापासून सुरुवात. ती बाजूला झाली. टि. काठी टेकत मागे आला, खुर्ची मागवून बसला. ऑर्डर कुठे आहे विचारलं. मी म्हटलं, तोंडी आहे. मान हलवली. तोंडी ऑर्डरी त्याला नव्या नाहीत.
लतीफ मिस्त्रींनी पेचकस वरच्या बिजागरीला लावला. बत्तीस वर्षं दारं काढणारा माणूस. चुकून नाही. मुद्दाम, आता वाटतं.
"खालची आधी!" टि. ओरडला. "खालची! वरची सोडलीस तर दार अंगावर येईल!"
आणि थांबला. आपलाच आवाज ऐकल्यासारखा. मिस्त्रींकडे बघितलं, दाराकडे, मग माझ्याकडे. 
"चौकीदाराची का तू?"
"हो."
"म्हणजे घर बरोबर शोधलंस."
माफी नाही. मला नकोच होती. मागितली असती तर पंचाईत झाली असती.
दार निघालं. पाऊस थेट आत, खाटेच्या पायापर्यंत. शैलाने दोरीवरची साडी ओढली आणि चौकटीच्या खिळ्यांना बांधायला लागली. एक टोक सुटत होतं. ते तिने हाताने धरलं.
मी दुसरीकडे बघितलं.
दार टेंपोत चढवलं तेव्हा टि. म्हणतो, "पावती द्या. सरकारी माल आहे."
"तुम्ही दिली होतीत?"
"दिली होती. नियम म्हणजे नियम. तुझ्या आईच्या हातात दिली होती."
पावती! मला माहीतच नव्हतं. क्षणभर गोंधळले, आणि मग डोक्यात लख्ख पडलं. म्हटलं, "साहेब, घर विनावापर होतं ना? मग पावती कुणाला दिलीत?"
त्याने चष्मा काढला.  नियमाचा एवढा पक्का की कागदावर नसलेल्या बाईला सही-शिक्क्याची पावती देऊन आला. तो एक कागद घेऊन आई अलिबागला वरिष्ठांकडे गेली असती तर याचा सातवा रकाना याच्याच घशात गेला असता. त्याला कळलं नाही. आईला कळलं नाही. बत्तीस वर्षांनी, भिजलेल्या परसात, आम्हा दोघांना एकदम कळलं.
मी जिंकले, असं वाटलं. जीभ भाजल्यासारखं वाटलं ते वेगळंच.
पण म्हातारा म्हणजे म्हातारा. हळूच म्हणाला, "बरं. आता तू दे पावती."
लबाड. पावती दिली की क्र. ४ मध्ये माणूस राहतो हे मीच लिहून दिल्यासारखं. मग सातव्या रकान्यात विनावापर कसं लिहिणार? आणि नाही दिली तर दार चोरून नेलं.
"मंगळवारपर्यंत देते," म्हटलं. बाकीच्या दारांना हात न लावता निघाले. का, ते मला विचारू नका. टेंपोवाला घाई करत होता.

१० ऑगस्ट, पुढे.
दार ओटीवर भिंतीला टेकवून ठेवलं. आई बाहेर आली. ओळखायला तिला पळभरही वेळ लागला नाही. खाली बसली आणि रेघांवरून बोट फिरवत गेली. सु. रा. सु. रा. मग मितालीच्या रेघांवर आली.
"ही कोणाची?"
"त्याच्या नातीची."
बोट उचललं. वाटलं होतं रडेल, हसेल, शाबास म्हणेल. उठून आत गेली.
मी मागोमाग. "आई, त्याने तुला पावती दिली होती?"
"व्हय."
"काय केलंस तिचं?"
"चुलीत घातली. लाकडं भिजलेली. भात शिजायचा व्हता ना गो."

१२ ऑगस्ट, सोम.
चाळीस ओळी भरल्या. क्र. ४ सोडून सगळ्या. साहेब विचारत होते, एवढी एकच का राहिली.
लतीफ मिस्त्री चार वेळा येऊन गेले, कधी सहीला, कधी किल्लीला. शेवटी म्हणाले, "बिजागऱ्या माझ्याजवळ हायत. तेल देऊन ठेवल्यात." कशासाठी ते बोलले नाहीत.
पेणहून फोन नाही. शैला विनवणी करेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं. काही नाही. तिची पहिली शिफ्ट म्हणजे पहाटे निघत असेल. म्हातारा दिवसभर एकटा, त्या साडीसमोर.
चांगलं झालं. भोग म्हणावं.
दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं हे वाक्य. राहू दे.

१३ ऑगस्ट, मंगळ.
उद्या अकराला तक्ता घेऊन गाडी अलिबागला जाते.
जेवणं झाली. तक्ता आणि पावतीपुस्तक दोन्ही घरी आणलंय. आई शेजारी वाल सोलत बसली होती. तीन दिवस दाराबद्दल चकार शब्द नाही. आज मान वर न करता म्हणाली,
"पेणला पाऊस हाय काय गो?"
"हाय."
वाल सोलत राहिली. मग, "काढून किती दीस झाले?"
मी बोटांवर मोजले. शनि, रवि, सोम, मंगळ.
"चार."
 आईने सालं पदरात गोळा केली, उठली, आणि कडी बघायला गेली. तिथेच उभी आहे अजून, कडीवर हात ठेवून.
डावीकडे तक्ता, क्र. ४, सातवा रकाना कोरा. उजवीकडे पावतीपुस्तक, वरची पावती कोरी. एकच लिहिता येईल.
पेनाचं टोपण काढलंय.